त्रयस्थ उत्पादकांची मानक झूम भिंगे

त्रयस्थ उत्पादकांची मानक झूम भिंगे म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीने नव्हे, तर अन्य स्वतंत्र भिंगनिर्मात्यांनी तयार केलेली, विस्तृत दृश्यकोनापासून मध्यम टेलिफोटोपर्यंतचा टप्पा एकाच नळीत सामावणारी, बदलता येण्याजोगी छायाचित्रण भिंगे होत. जपानमधील सिग्मा, टॅमरॉन व टोकिना आणि दक्षिण कोरियातील सॅमयांग हे या क्षेत्रातील परिचित उत्पादक आहेत. कॅमेरा कंपनीच्या तुल्य भिंगापेक्षा ही भिंगे बहुधा स्वस्त असतात. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या साध्या भिंगाच्या मर्यादा जाणवू लागलेले हौशी छायाचित्रकार आणि बेताच्या भांडवलावर व्यवसाय सुरू करणारे छायाचित्रकार यांचा कल त्यांच्याकडे असतो. मात्र निवड करताना माउंट, संवेदकाचा आकार, ऑटोफोकसची यंत्रणा आणि हमी यांचा विचार झाला नाही, तर वाचवलेले पैसे वाया जाण्याचा संभव असतो.

संज्ञा आणि संकल्पना

भिंगाचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये सांगितले जाते. नाभीय अंतर जितके कमी, तितका दृश्यकोन मोठा आणि चित्रात सामावणारा परिसर विस्तृत. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या, म्हणजे फुल फ्रेम संवेदकाचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. असतो. या कर्णाच्या जवळपास नाभीय अंतर असलेल्या भिंगास ‘मानक’ भिंग म्हणण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ५० मि.मी.चे भिंग मानक मानले जाते आणि त्याचा कर्णरेषेवरील दृश्यकोन सुमारे ४७ अंश असतो. ज्या झूम भिंगाच्या टप्प्यात हे नाभीय अंतर मध्यभागी येते, ते मानक झूम भिंग होय. फुल फ्रेम कॅमेऱ्यांसाठी २४–७० मि.मी. आणि २८–७५ मि.मी. हे टप्पे रूढ आहेत. २४ मि.मी.ला दृश्यकोन सुमारे ८४ अंश, २८ मि.मी.ला सुमारे ७५ अंश, तर ७० मि.मी.ला सुमारे ३४ अंश असतो. समूहचित्र, इमारत, रस्त्यावरील प्रसंग आणि व्यक्तिचित्र अशी रोजच्या छायाचित्रणातील बहुतेक कामे या एका टप्प्यात होतात.

एपीएस-सी या लहान संवेदकावर त्याच भिंगाचा दृश्यकोन अरुंद होतो. सोनी, निकॉन आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी हा गुणक सुमारे १.५, कॅननसाठी सुमारे १.६, तर मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीसाठी २ धरला जातो. म्हणून १८–५० मि.मी.चे भिंग १.५ गुणकाच्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेममधील २७–७५ मि.मी.इतका दृश्यकोन देते. एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठीची मानक झूम भिंगे १६, १७ किंवा १८ मि.मी.पासून सुरू होतात, त्यामागे हेच कारण आहे.

भिंगाच्या नावातील दुसरा महत्त्वाचा आकडा छिद्राचा असतो. नाभीय अंतरास प्रवेशछिद्राच्या व्यासाने भागले असता एफ-अंक मिळतो. ५० मि.मी. नाभीय अंतरावर एफ/५.६ म्हणजे सुमारे ९ मि.मी. व्यास आणि एफ/२.८ म्हणजे सुमारे १८ मि.मी. व्यास. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. अर्थात एफ/२.८ ला एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८–५५ मि.मी., एफ/३.५–५.६ या प्रकारच्या भिंगात झूम वाढवताना महत्तम छिद्र लहान होत जाते. त्रयस्थ उत्पादकांच्या या वर्गातील बहुतेक प्रसिद्ध भिंगांत मात्र संपूर्ण टप्प्यात एफ/२.८ कायम राहते. मुख्यतः या गुणासाठीच ती घेतली जातात.

इतिहास

स्थिरचित्रणाच्या ३५ मि.मी. कॅमेऱ्यासाठी तयार झालेले पहिले झूम भिंग म्हणून १९५९ मधील फोख्टलेंडर झूमार या भिंगाचा उल्लेख होतो. त्याचा टप्पा ३६–८२ मि.मी. आणि छिद्र एफ/२.८ होते. आराखडा फ्रँक बॅक यांचा होता. १९६३ मध्ये निकॉनने ४३–८६ मि.मी., एफ/३.५ हे तुलनेने आटोपशीर झूम भिंग आणले. आरंभीच्या झूम भिंगांची चित्रस्पष्टता एका नाभीय अंतराच्या भिंगांच्या तुलनेत कमी असे. त्यामुळे दीर्घकाळ एसएलआर कॅमेऱ्यासोबत ५० मि.मी.चे स्थिर भिंगच दिले जाई. संगणकाच्या साहाय्याने होणारी आखणी, बहुस्तरीय लेपन आणि अगोलीय पृष्ठभागाची भिंगे यांमुळे हे अंतर हळूहळू कमी झाले.

स्वतंत्र भिंगनिर्मितीची परंपरा जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. टॅमरॉनची सुरुवात १९५० मध्ये उरावा येथे झाली. तिचे पूर्वीचे नाव ताइसेई कोगाकु असे होते. तामुरा या प्रकाशशास्त्रीय अभियंत्याच्या नावावरून घेतलेले टॅमरॉन हे नाव कंपनीने १९७० मध्ये धारण केले. १९५७ मध्ये या कंपनीने टी-माउंट ही पद्धत आणली. भिंग एकच ठेवून मागील कडे बदलले की ते वेगवेगळ्या कॅमेऱ्यांना जोडता येई. सिग्माची स्थापना मिचिहिरो यामाकी यांनी १९६१ मध्ये केली. फुकुशिमा प्रांतातील आइझु येथे तिचा कारखाना आहे.

ऑटोफोकसच्या आगमनानंतर परिस्थिती बदलली. १९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट आणला आणि कॅमेरा व भिंग यांच्यातील संवाद पूर्णपणे विद्युत संदेशांवर आधारला. आता केवळ कडे जुळून भागेना. संदेशांची भाषाही जुळावी लागे. ती भाषा उघड नसल्यामुळे स्वतंत्र उत्पादकांना ती निरीक्षणाने उलगडून घ्यावी लागली. याचा फटका काही ग्राहकांना बसला. ईएफ माउंटची सिग्माची काही जुनी भिंगे पुढील काळातील कॅनन डिजिटल कॅमेऱ्यांवर छिद्र लहान करताच दोषसंदेश देत.

डिजिटल काळात एफ/२.८ च्या स्वस्त मानक झूम भिंगांची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली. टॅमरॉनचे २८–७५ मि.मी. (२००३) आणि १७–५० मि.मी. (२००६), तसेच सिग्माचे १८–५० मि.मी. (२००४) व स्थिरीकरणासह १७–५० मि.मी. (२०१०) ही या शाखेतील महत्त्वाची भिंगे होत. टॅमरॉनने २०१२ मध्ये आणलेले २४–७० मि.मी. हे फुल फ्रेमसाठीचे स्थिरीकरण असलेले पहिले एफ/२.८ मानक झूम भिंग ठरले. २०१३ मधील सिग्माचे १८–३५ मि.मी. हे डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीचे संपूर्ण टप्प्यात एफ/१.८ देणारे पहिले झूम भिंग होते. स्वतंत्र उत्पादक केवळ स्वस्त पर्याय देतात, ही समजूत या दोन भिंगांनंतर मागे पडली.

किंमत कमी असण्याची कारणे

स्वतंत्र उत्पादक एकच प्रकाशशास्त्रीय आराखडा अनेक माउंटमध्ये विकतात. त्यामुळे संशोधनाचा खर्च अधिक नगांवर विभागला जातो. दुसरे कारण तडजोडीचे आहे. एफ/२.८ कायम ठेवून २४ मि.मी.पासून सुरुवात करायची तर पुढील काचा मोठ्या व महाग होतात. सुरुवात २८ मि.मी.पासून केल्यास भिंग बरेच लहान, हलके आणि स्वस्त होते. सोनीचे २४–७० मि.मी., एफ/२.८ हे २०१६ मधील भिंग ८८६ ग्रॅम वजनाचे होते आणि त्याची अमेरिकेतील आरंभीची किंमत सुमारे २,२०० डॉलर होती. टॅमरॉनचे सोनी ई-माउंटसाठीचे २८–७५ मि.मी., एफ/२.८ हे २०१८ मधील भिंग ५५० ग्रॅमचे आणि सुमारे ८०० डॉलरचे होते. विस्तृत बाजूचे ४ मि.मी. सोडून देण्याचा मोबदला असा मोठा असतो. हे ४ मि.मी. मात्र क्षुल्लक नाहीत. लहान खोलीत किंवा वाड्याच्या चौकात मागे सरकायला जागा नसेल, तर ७५ आणि ८४ अंशांतील फरक ठळकपणे जाणवतो.

तिसरे कारण बांधणीचे आहे. धातूऐवजी प्लास्टिकची नळी, कमी बटणे, पाणी व धूळ यांपासून मर्यादित संरक्षण आणि साधी मोटर यांमुळे खर्च घटतो. चौथे कारण म्हणजे संगणकीय दुरुस्ती. सरळ रेषा वाकड्या दिसणे किंवा चित्राचे कोपरे काळवंडणे हे दोष आधुनिक भिंगांत काही प्रमाणात तसेच ठेवून ते कॅमेऱ्यात अथवा संगणकावर दूर केले जातात. कॅमेरा कंपन्याही आज हाच मार्ग अवलंबतात.

माउंट आणि परवान्यांचा प्रश्न

कोणते त्रयस्थ भिंग उपलब्ध आहे, हे बव्हंशी कॅमेरा कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. सोनीने २०११ मध्ये ई-माउंटची मूलभूत तांत्रिक माहिती भिंगनिर्मात्यांना विनाशुल्क देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे या माउंटसाठी स्वतंत्र भिंगांची निवड विपुल आहे. २०१८ मध्ये लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी एल-माउंटसाठी आघाडी केली. तेथे सिग्मा ही भागीदारच आहे.

कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे माउंट २०१८ मध्ये आले. निकॉन झेडसाठी टॅमरॉनने २०२२ पासून परवान्याने भिंगे आणली. कॅननने प्रारंभी कठोर भूमिका घेतली. व्हिल्ट्रॉक्स या चिनी उत्पादकाला २०२२ मध्ये आरएफ माउंटच्या ऑटोफोकस भिंगांची विक्री थांबवावी लागली. २०२४ मध्ये मात्र सिग्मा व टॅमरॉन यांनी आरएफ माउंटच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी परवानाप्राप्त भिंगे जाहीर केली आणि सिग्माचे १८–५० मि.मी., एफ/२.८ त्याच वर्षी बाजारात आले.

परवाना असला तरी काही मर्यादा राहू शकतात. उदाहरणार्थ, सोनीच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांवर त्रयस्थ भिंग लावल्यास सलग चित्रणाचा वेग सेकंदाला १५ चित्रांपर्यंत सीमित होतो. सामान्य वापरात ही मर्यादा आड येत नाही. क्रीडा वा पक्षी छायाचित्रकारास ती जाणवू शकते.

ही बाब कॅमेरा खरेदीशीही निगडित आहे. कॅमेरा एकदा घेतला की माउंट ठरतो आणि पुढील अनेक वर्षांची भिंगांची निवड त्याच्या चौकटीत होते. म्हणून ज्यांचे अंदाजपत्रक मर्यादित आहे, त्यांनी कॅमेरा निवडतानाच त्या माउंटसाठी कोणती स्वतंत्र भिंगे मिळतात हे पाहणे हिताचे ठरते.

निवडीचे निकष

संवेदकाशी सुसंगती: सिग्माच्या नावांत ‘डीजी’ म्हणजे फुल फ्रेमसाठी आणि ‘डीसी’ म्हणजे एपीएस-सीसाठी, त्यापुढील ‘डीएन’ हे मिररलेस कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या भिंगाचे चिन्ह आहे. टॅमरॉनमध्ये ‘डीआय’ हे फुल फ्रेम डीएसएलआरसाठी, ‘डीआय टू’ हे एपीएस-सी डीएसएलआरसाठी, ‘डीआय थ्री’ हे मिररलेससाठी आणि ‘डीआय थ्री-ए’ हे एपीएस-सी मिररलेससाठी असते. फुल फ्रेमचे २८–७५ मि.मी. भिंग एपीएस-सी कॅमेऱ्यावर चालते. परंतु तेथे ते ४२–११२ मि.मी.सारखे दिसते आणि विस्तृत दृश्यकोन मिळत नाही. ‘पुढे कधीतरी फुल फ्रेम घेऊ’ या विचाराने असे भिंग घेणारे अनेकदा आजच्या गरजेलाच मुकतात. उलट एपीएस-सीचे भिंग फुल फ्रेमवर लावल्यास संवेदकाचा केवळ मधला भाग वापरता येतो.

टप्पा: स्वतःच्या जुन्या छायाचित्रांच्या नोंदींत प्रत्येक चित्राचे नाभीय अंतर साठवलेले असते. ते तपासल्यास वापरणाऱ्याची खरी सवय कळते. बहुतेक चित्रे १८ मि.मी.ला काढलेली असतील, तर विस्तृत बाजू महत्त्वाची, ५५ मि.मी.ला टेकलेली असतील, तर टेलिफोटोकडील टप्पा महत्त्वाचा.

छिद्र आणि प्रकाश: देवळाच्या गाभाऱ्यात किंवा संध्याकाळच्या मांडवात एफ/५.६ ला १/१५ सेकंद लागत असेल, तर त्याच संवेदनशीलतेवर एफ/२.८ ला १/६० सेकंद पुरतो. माणसांच्या हालचाली १/१५ सेकंदात बहुधा अस्पष्ट होतात, १/६० मध्ये बऱ्याच अंशी सावरतात. मोठ्या छिद्रामुळे पार्श्वभूमीही अधिक धूसर होते. येथे संवेदकाचा आकार पुन्हा लक्षात घ्यावा लागतो. समान दृश्यकोन ठेवल्यास एपीएस-सीवरील एफ/२.८ ची धूसरता फुल फ्रेमवरील सुमारे एफ/४.२ इतकी असते.

स्थिरीकरण: टॅमरॉनमध्ये ‘व्हीसी’ आणि सिग्मामध्ये ‘ओएस’ ही अक्षरे भिंगातील स्थिरीकरण दर्शवतात. स्थिरीकरणामुळे हाताचा कंप सावरला जातो. समोरच्या व्यक्तीची हालचाल थांबत नाही. कॅमेऱ्यातच स्थिरीकरण असल्यास भिंगात ते नसले तरी चालते. कॅमेऱ्यात ते नसेल आणि हातात धरून चलच्चित्रण करायचे असेल, तर भिंगातील स्थिरीकरणाचे मोल वाढते.

ऑटोफोकसची मोटर: निकॉनच्या जुन्या ऑटोफोकस भिंगांत मोटर नसे, कॅमेऱ्यातील मोटर दांडीच्या साहाय्याने भिंग फिरवी. २००६ मधील डी४० आणि त्यानंतरच्या डी३००० व डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत ही मोटर नाही. टॅमरॉनच्या १७–५० मि.मी. भिंगाची निकॉनसाठीची आरंभीची आवृत्ती मोटरविरहित होती, नंतरची मोटरसह. बाहेरून ही दोन भिंगे सारखीच दिसतात. मोटरविरहित आवृत्ती अशा कॅमेऱ्यावर केवळ हाताने फोकस करावी लागते. निकॉनच्या एफटीझेड जोडकड्यातही मोटर नाही. त्यामुळे वापरलेले भिंग स्वस्तात घेताना ही खात्री आवश्यक असते.

फोकसची अचूकता: डीएसएलआर कॅमेऱ्यात फोकस मोजणारा घटक संवेदकापासून वेगळा असतो. त्यामुळे भिंग व कॅमेरा यांचा मेळ किंचित चुकल्यास स्पष्टता अपेक्षित जागेच्या पुढे अथवा मागे जाते. ही दुरुस्ती काही कॅमेऱ्यांत, तसेच सिग्माच्या यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनच्या टॅप-इन कन्सोल या उपकरणांनी ते मान्य असलेल्या भिंगांत करता येते. मिररलेस कॅमेऱ्यात मोजणी संवेदकावरच होत असल्याने हा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

वजन, फिल्टर आणि हाताळणी: दिवसभर गळ्यात वागवायच्या भिंगात २०० ग्रॅमचा फरकही जाणवतो. फिल्टरचा व्यास समान असल्यास दुसऱ्या भिंगासाठी नवे फिल्टर घ्यावे लागत नाहीत. टॅमरॉनच्या अनेक मिररलेस भिंगांत हा व्यास ६७ मि.मी. ठेवलेला आहे. झूमचे कडे फिरवण्याची दिशा कॅनन आणि निकॉन यांच्या पद्धतींत परस्परविरुद्ध आहे. स्वतंत्र उत्पादकांची दिशा यांपैकी एकीशीच जुळते, म्हणून ते हातात घेऊन पाहणे इष्ट.

काही प्रातिनिधिक भिंगे

सिग्मा १८–५० मि.मी., एफ/२.८, डीसी डीएन (२०२१): एपीएस-सी मिररलेससाठी. वजन २९० ग्रॅमच्या आसपास, फिल्टरचा व्यास ५५ मि.मी. विस्तृत टोकाला सुमारे १२ सें.मी.वरील वस्तूवर फोकस होतो. भिंगात स्थिरीकरण नाही. अमेरिकेतील आरंभीची किंमत सुमारे ५५० डॉलर होती.

टॅमरॉन १७–७० मि.मी., एफ/२.८, डीआय थ्री-ए व्हीसी (२०२१): एपीएस-सी मिररलेससाठी. सोनीवर सुमारे २६–१०५ मि.मी.चा तुल्य टप्पा आणि स्थिरीकरण. वजन ५२५ ग्रॅम. आरंभीची किंमत सुमारे ८०० डॉलर. सिग्माचे भिंग हलके व स्वस्त, तर हे अधिक टप्प्याचे व स्थिर. या दोहोंतील निवड मुख्यतः कॅमेऱ्यात स्थिरीकरण आहे की नाही यावर ठरते. सोनीचे स्वतःचे १६–५५ मि.मी., एफ/२.८ (२०१९) हे भिंग सुमारे १,४०० डॉलरचे होते.

टॅमरॉन २८–७५ मि.मी., एफ/२.८, डीआय थ्री (२०१८, दुसरी आवृत्ती २०२१): फुल फ्रेमसाठी. दुसऱ्या आवृत्तीचे वजन सोनी माउंटमध्ये ५४० ग्रॅम आहे. तिच्यात मोटरचा वेग आणि कडेची स्पष्टता सुधारली. पहिली आवृत्ती वापरलेल्या भिंगांच्या बाजारात सुलभ असते.

सिग्मा २८–७० मि.मी., एफ/२.८, डीजी डीएन (२०२१): फुल फ्रेमसाठी, वजन ४७० ग्रॅम. याच कंपनीचे २४–७० मि.मी., एफ/२.८ (२०१९) हे भिंग विस्तृत व अधिक भक्कम. परंतु वजन ८३० ग्रॅमच्या आसपास आणि फिल्टरचा व्यास ८२ मि.मी.

भारतात आयातशुल्क आणि वस्तू व सेवा कर धरून किमती याहून निराळ्या असतात. परस्परांतील क्रम मात्र साधारण असाच राहतो.

खरेदीनंतरची तपासणी

एकाच भिंगाच्या दोन नगांत किंचित फरक असू शकतो. आतील एखादी काच अक्षापासून सरकलेली असल्यास चित्राची एक बाजू दुसरीपेक्षा पुसट दिसते. हे तपासण्यासाठी विटांची भिंत किंवा भिंतीवर सपाट लावलेले वर्तमानपत्राचे पान उपयोगी पडते. कॅमेरा तिपाईवर, भिंतीला समांतर ठेवून महत्तम छिद्रावर, झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर चित्रे काढावीत आणि चारही कोपऱ्यांची तुलना करावी. चारही कोपरे सारखेच मऊ असणे हा आराखड्याचा गुणधर्म आहे. एकच कोपरा मऊ असणे हा त्या नगाचा दोष होय. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ही तपासणी झाली पाहिजे.

वापरलेल्या भिंगात विजेरीचा झोत मागून सोडून आतील काचांवर बुरशीचे तंतू, धुरकटपणा किंवा ओरखडे पाहिले जातात. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे. भिंग खाली धरल्यास झूमची नळी आपोआप घसरू नये. मागील विद्युत संपर्क स्वच्छ असावेत. आतील धुळीचे दोन-चार कण चित्रावर परिणाम करीत नाहीत. बुरशी मात्र पसरते आणि काचेवरील लेपन कायमचे खराब करू शकते.

कोकण, मुंबई आणि गोवा येथील दमट हवेत हा धोका विशेष असतो. पावसाळ्यात तेथील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. चामड्याच्या बंद पिशवीत महिनोन्‌महिने ठेवलेले भिंग बुरशीस आमंत्रण देते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह किंवा विजेवर चालणाऱ्या कोरड्या कपाटात सुमारे ४० ते ५० टक्के आर्द्रतेत भिंगे ठेवली जातात. सिलिका जेल ओलावा शोषून संपृक्त झाले की तापवून पुन्हा वापरता येते. नियमित वापरातील भिंगांना बुरशीचा उपद्रव तुलनेने कमी होतो.

हमीचा प्रश्नही दुय्यम नाही. अधिकृत आयातदाराव्यतिरिक्त अन्य मार्गाने आलेले भिंग स्वस्त मिळते, पण त्याची भारतात विनामूल्य दुरुस्ती होईलच असे नाही. देयकावर भिंगाचा अनुक्रमांक आणि विक्रेत्याचा शिक्का असणे आवश्यक मानले जाते. नवा कॅमेरा आल्यास जुन्या भिंगाची अंतर्गत आज्ञावली अद्ययावत करावी लागू शकते. सोनी ई-माउंटच्या बहुतेक भिंगांत हे काम कॅमेऱ्याद्वारे होते, तर टॅमरॉनच्या अलीकडील काही भिंगांत त्यासाठी यूएसबी-सी जोडणी दिलेली आहे.

मर्यादा आणि पर्याय

मानक झूम भिंग बदलणे ही प्रत्येकाची गरज नसते. तिपाईवरून एफ/८ च्या आसपास निसर्गचित्रे घेणाऱ्यास कॅमेऱ्यासोबत मिळालेले भिंग पुष्कळदा पुरेसे असते, कारण या छिद्रावर स्वस्त व महाग भिंगांतील अंतर बरेच घटते. फक्त मंद प्रकाशातील व्यक्तिचित्रे काढायची असतील, तर ५० मि.मी., एफ/१.८ हे स्थिर भिंग अधिक स्वस्त पडते आणि ते एफ/२.८ च्या सुमारे २.४ पट प्रकाश घेते. मात्र त्यात झूमची सोय नसते. लग्नसमारंभासारख्या प्रसंगी, जेथे जागा बदलण्यास किंवा भिंग काढून दुसरे लावण्यास अवधी नसतो, तेथे एफ/२.८ चे मानक झूम भिंग उपयुक्त ठरते. त्रयस्थ उत्पादकांमुळे अशी भिंगे केवळ मोठ्या भांडवलाच्या व्यावसायिकांपुरती मर्यादित राहिली नाहीत, हे या उत्पादकांचे छायाचित्रणास असलेले महत्त्वाचे योगदान आहे.

हेही पहा

छायाचित्रण
भिंग
नाभीय अंतर
झूम भिंग
डिजिटल कॅमेरा